परभणीला पाठवायचं की नाही? इमेजिंगचे रिव्ह्यू मी कसे वाचते

इमेजिंगवरच्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून एकत्र मांडणाऱ्या लेखाची, पीडीएफ उघडली की मी निष्कर्ष आधी वाचत नाही. छापील कागद असेल तर शेवटच्या परिच्छेदावर चक्क रिपोर्टचं पाकीट ठेवते. कॉलेजात आम्ही उलटं करायचो. जर्नल क्लबच्या आदल्या रात्री अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या शेवटच्या दोन ओळी पाठ, झालं वाचन. पाकीट ठेवायची सवय लागली ती गंगाखेडला स्वतःचं सोनोग्राफी सेंटर टाकल्यावर, एका ऊसतोडीच्या हंगामात.

रात्री साडेनऊची वेळ. उसाची ट्रॉली उलटली होती, त्यातलं एक नऊ-दहा वर्षांचं पोरगं आणलं. ट्रॉलीखाली सापडलं नव्हतं, बाजूला फेकलं गेलं होतं. बाप म्हणाला, "मॅडम, पोट दुखायलंय म्हणतंय, बाकी काई नाई." मी यकृताखाली पाहिलं, प्लीहेभोवती पाहिलं, ओटीपोटात पाहिलं, हृदयाभोवती पाहिलं. सगळीकडे कोरडं. रिपोर्टवर लिहिलं, मुक्त द्रव नाही. सर्जनने फोनवर विचारलं, सीटीला परभणीला पाठवू का? माझ्या डोक्यात कुठल्याशा रिव्ह्यूतला '९६ टक्के' हा आकडा पक्का बसला होता. मी म्हणाले, थांबू या.

सकाळी पोट घट्ट. पुन्हा प्रोब ठेवला तर प्लीहेभोवती काळी पट्टी स्पष्ट. परभणीत सीटी झाला, प्लीहा फाटलेली निघाली. पोरगं वाचलं, ऑपरेशनही लागलं नाही. पण त्या दुपारी सेंटरचं शटर अर्धं ओढून मी तोच रिव्ह्यू पहिल्या पानापासून वाचायला बसले. आकडा खोटा नव्हता. मी तो चुकीच्या प्रश्नाला लावला होता.

तो रिव्ह्यू कॉक्रेनचा, म्हणजे असे रिव्ह्यू करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, २०१८ चा. मुका मार लागलेल्या पेशंटमध्ये जागेवर केलेली सोनोग्राफी छाती-पोटाच्या इजा कितपत पकडते, यावरचा. ३४ अभ्यास, ८,६३५ माणसं. स्पेसिफिसिटी ९६ टक्के, म्हणजे इजा नसलेल्या शंभरांपैकी शहाण्णवांना सोनोग्राफी नाही म्हणते. सेन्सिटिव्हिटी मात्र ७४. इजा असलेल्या शंभरातले सव्वीस निसटतात. आणि त्याच रिव्ह्यूत पोटाला मार लागलेल्या लहान मुलांचा हिशेब वेगळा मांडलाय, १० अभ्यास, १,३८४ मुलं, सेन्सिटिव्हिटी ६३. माझ्यासमोर मूल होतं, रिपोर्ट निगेटिव्ह होता, आणि मी वापरला मोठ्या माणसांसकटचा स्पेसिफिसिटीचा आकडा. द्रव दिसला असता तर ९६ कामाचा होता. कोरडं दिसल्यावर मला ६३ आठवायला हवा होता.

आता मी जे करते ते सांगते. मेडिसिनच्या, सर्जरीच्या, रेडिओलॉजीच्या पोरापोरींनो, तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशा पीडीएफ रोज पडत असणार.

आधी आपला प्रश्न कागदावर

पीडीएफ उघडायच्या आधी चार गोष्टी लिहा. पेशंट कोण, तपासणी कोणती आणि कोण करणार, खरं-खोटं कशावरून ठरवणार, आणि निकाल आल्यावर मी वेगळं काय करणार. मी सोनोग्राफीच्या प्रिंटच्या पाठीमागे लिहिते. (गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या सरकारी फॉर्म एफच्या पाठीमागे लिहू नका, तो कागद कुणाच्या हाती कधी पडेल सांगता येत नाही.)

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. नवी तपासणी जुन्या तपासणीच्या जागी येणार, की जुनीच्या आधी चाळणी म्हणून लावायची, की जुनीनंतर भर म्हणून? चाळणी लावायची असेल तर निसटणारे कमी हवेत, थोडे फुकट पकडले गेले तरी चालतील. सीटीच्या जागीच सोनोग्राफी बसवायची असेल तर दोन्ही बाजू घट्ट हव्यात. एकच ७४ एका कामाला बरा, दुसऱ्याला घातक. माझ्याकडे सीटी नाही. त्यामुळे माझा प्रश्न कायम एकच असतो, याला गाडीत घालून परभणीला पाठवायचं की नाही. 'सोनोग्राफी चांगली आहे का' हा प्रश्न मला कधी पडतच नाही, आणि बहुतेक रिव्ह्यूंचं शीर्षक मात्र तेच विचारत असतं.

मग ते पेशंट कुठून आणले ते बघा

सामील केलेल्या अभ्यासांचा तक्ता असतो, बहुधा कंटाळवाणा, बहुधा पुरवणीत टाकलेला. तो काढा. वाचायला सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते.

मोंढ्यात पोत्याच्या तोंडाशी असलेली तूर बघून कुणी भाव ठरवत नाही. आतून मूठ काढतात. अभ्यासातही तसंच. काही ठिकाणी आजार पक्का ठरलेले पेशंट एका बाजूला आणि ठणठणीत माणसं दुसऱ्या बाजूला घेऊन तपासणी करतात. मग तपासणी हुशार दिसणारच, दोन्ही टोकं ओळखायला अवघड काय आहे! खरी परीक्षा मधल्यांची, ज्यांना पोटदुखी आहे पण कशाची ते माहीत नाही. लाइमर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय जर्नलमध्ये दाखवलं होतं की अशा दोन टोकांच्या रचनेत तपासणीची अचूकता सगळ्यात जास्त फुगून येते. त्याआधी १९७८ मध्ये रॅन्सोहॉफ आणि फाइनस्टाइन यांनी हीच गोष्ट तत्त्व म्हणून मांडली होती. एवढं जुनं आहे हे, तरी अजून असे अभ्यास निघतात आणि रिव्ह्यूत मिसळतातही.

म्हणून तक्त्यात शोधायचं ते हे. पेशंट ओळीने, एकामागून एक घेतले का, की निवडून? इमर्जन्सीतले की रेफर होऊन आलेले? रेफर होऊन आलेल्यांत आजार मोठा, पसरलेला, दिसायला सोपा. माझ्याकडे दारात पहिल्या तासात येणारा पेशंट आणि मोठ्या शहराच्या ट्रॉमा सेंटरला सहाव्या तासाला पोचलेला पेशंट यांच्या पोटातला द्रव सारखा नसतो. त्या पोराच्या पोटात रात्री साडेनऊला रक्त साठलेलंच नव्हतं बहुतेक.

खरं कशावरून ठरवलं?

याला आपण गोल्ड स्टँडर्ड म्हणतो आणि पुढे जातो. थांबा. त्या ट्रॉमाच्या रिव्ह्यूत सीटी, एमआरआय, ऑपरेशन, शवविच्छेदन असे पक्के आधार धरलेत. पण सगळ्या रिव्ह्यूंत असं नसतं. नेहमीची गोची अशी, की सोनोग्राफी पॉझिटिव्ह आली त्यांचाच सीटी झाला. निगेटिव्हवाल्यांना घरी पाठवलं. जे निसटले ते कुणी मोजलेच नाहीत, म्हणून सेन्सिटिव्हिटी झकास. बेग आणि ग्रीन्स यांनी १९८३ मध्ये याचं गणित मांडलं, पण गणिताशिवायही कळतं. नापास होणाऱ्यांचे पेपरच तपासले नाहीत तर शाळेचा निकाल शंभर टक्के.

दुसरं, वाचणाऱ्याला उत्तर आधीच माहीत होतं का? सीटीचा रिपोर्ट समोर ठेवून एक्स-रे वाचायला बसलं तर मलाही प्रत्येक बारीक डाग दिसतो. तिसरं, दोन तपासण्यांमध्ये किती वेळ गेला? सोनोग्राफी सोमवारी, सीटी बुधवारी, तर मधे शरीर थांबून राहत नाही.

हे सगळं तपासायचं हत्यार म्हणजे क्वाडास-२. २०११ चं. त्याचे चार भाग आहेत, पेशंटची निवड, तपासत असलेली चाचणी, खरं ठरवणारी चाचणी, आणि पेशंटचा प्रवास व वेळ. चारही भागांत पूर्वग्रहाचा धोका बघतात, आणि पहिल्या तीन भागांत आणखी एक प्रश्न असतो, हे आपल्या प्रश्नाला लागू पडतं का. रिव्ह्यूत लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचं चित्र असतं ते हेच. मी लालपेक्षा पिवळ्याकडे जास्त बघते. पिवळं म्हणजे 'स्पष्ट नाही', म्हणजे मूळ लेखकांनी लिहिलंच नाही. सगळी पट्टी पिवळी असेल तर खाली कितीही सुंदर आकडा असो, तो ऐकीव समजावा. आणि एखाद्या रिव्ह्यूने क्वाडास-२ ची बेरीज करून 'चौदापैकी बारा गुण' असं काही दिलं असेल तर लेखकांनी हत्यार नीट वाचलेलंच नाही, कारण त्यात गुण द्यायचेच नाहीत.

रिव्ह्यूची नोंदणी आधी झाली होती का (प्रॉस्पेरो या नोंदवहीत), शोध कोणत्या तारखेपर्यंतचा, प्रिझ्मा-डीटीए ही २०१८ ची यादी पाळली का, हे दोन मिनिटांत बघून घ्यायचं. ती यादी लिखाण पूर्ण आहे का एवढंच सांगते, अभ्यास चांगला आहे असं नव्हे. शोधाची तारीख मात्र महत्त्वाची. छापलंय परवा आणि आतली मशिनं पंधरा वर्षांपूर्वीची, असं सर्रास असतं.

एकच एक्स-रे, दोन आकडे

आता थोडं किचकट. टीबीच्या शिबिरांमुळे हे मला नीट कळलं, म्हणून तेच उदाहरण घेते.

छातीच्या एक्स-रेने टीबीची चाळणी करण्यावर २०२२ चा कॉक्रेन रिव्ह्यू आहे. एक्स-रेत 'काहीही वेगळं' दिसलं की पॉझिटिव्ह म्हणायचं, असं ठरवलं तर सेन्सिटिव्हिटी ९४.७ आणि स्पेसिफिसिटी ८९.१. 'टीबीसारखं' दिसलं तरच पॉझिटिव्ह म्हणायचं, तर ८४.८ आणि ९५.६. मशीन तेच, फिल्म तीच. फक्त रेघ कुठे ओढली ते बदललं. एक आकडा वर गेला की दुसरा खाली येणारच. या रेघेलाच थ्रेशोल्ड म्हणतात.

म्हणून इमेजिंगच्या रिव्ह्यूत सगळ्या सेन्सिटिव्हिटींची वेगळी सरासरी आणि सगळ्या स्पेसिफिसिटींची वेगळी सरासरी काढलेली दिसली तर मी सावध होते. दोघी हातात हात घालून चालतात, त्यांना सुटं करून चालत नाही. दोन्ही एकत्र हाताळणारी मॉडेल्स आहेत, रटर आणि गॅट्सोनिस यांचं २००१ चं, राइट्स्मा आणि सहकाऱ्यांचं बायव्हेरिएट २००५ चं. पद्धतीच्या भागात बायव्हेरिएट किंवा हायरार्किकल हा शब्द सापडला की पुढे वाचायला हरकत नाही. आय-स्क्वेअर (अभ्यासाअभ्यासांतला फरक मोजणारा आकडा) बघून 'विषमता कमी आहे' असा निर्वाळा दिलेला असेल तर तो इथे फारसा कामाचा नाही.

गणित जमत नसेल तरी चित्र बघता येतं. आलेखावर प्रत्येक अभ्यासाचा एक ठिपका, मधे सरासरीचा बिंदू, भोवती दोन वर्तुळं. आतलं छोटं वर्तुळ सांगतं सरासरी किती पक्की आहे. बाहेरचं मोठं सांगतं पुढचा नवा अभ्यास कुठे पडू शकतो. तुमचं हॉस्पिटल म्हणजे तो पुढचा अभ्यास. बाहेरचं वर्तुळ अर्धा आलेख व्यापत असेल तर मधला बिंदू पाठ करून काही उपयोग नाही. पुष्कळ रिव्ह्यू ते बाहेरचं वर्तुळ काढतच नाहीत, दिसायला वाईट दिसतं ना!

आणखी दोन बारीक चोरकप्पे आहेत. मोजणी पेशंटची आहे की गाठींची, फुफ्फुसांची? एका पेशंटच्या दहा गाठींपैकी नऊ दिसल्या तर गाठींचे नव्वद टक्के होतात, पण राहिलेली एकच कामाची असू शकते. आणि 'नीट दिसलं नाही' त्यांचं काय केलं? आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड दिसत नाही, हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल देव जाणे. अभ्यासात असे पेशंट वगळले तर कागदावरची सोनोग्राफी माझ्या सोनोग्राफीपेक्षा कायम सरस राहणार.

कुणाच्या हातात प्रोब?

एका कंपनीचा प्रतिनिधी पोर्टेबल मशीन घेऊन आला होता. सोबत गुळगुळीत कागद, त्यावर मोठ्ठा ९१. आकडा खरा होता. कॉक्रेनचा २०२० चा रिव्ह्यू, अपघाती पेशंटमध्ये फुफ्फुसाबाहेर हवा साठलीय का (न्यूमोथोरॅक्स) यावर. मुख्य हिशेबात ९ अभ्यास, १,२७१ पेशंट, त्यातल्या ४१० जणांना न्यूमोथोरॅक्स. सोनोग्राफीची सेन्सिटिव्हिटी ९१, स्पेसिफिसिटी ९९. झोपवून काढलेल्या एक्स-रेची सेन्सिटिव्हिटी ४७.

पण त्यातली सोनोग्राफी इमर्जन्सीतल्या, रेडिओलॉजिस्ट नसलेल्या डॉक्टरांनी केलेली आहे, पेशंटच्या शेजारी उभं राहून. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा आहे. मशीन नोंदलेल्या जागी, नोंदलेल्या डॉक्टरच्या हाती. कायदा का आला ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको, आणि तो हवाच. पण त्याचा अर्थ असा, की रात्री दोन वाजता पेशंट कॅज्युअल्टीत असतो आणि प्रोब माझ्या सेंटरवर. रिव्ह्यूतला ९१ त्या दोन जागांमधला रस्ता ओलांडत नाही. प्रतिनिधीला मी एवढंच म्हणाले, दादा, मशीनसोबत रात्रपाळीचा डॉक्टर देता का?

तरी तो रिव्ह्यू मी फेकला नाही. त्यातून दोन गोष्टी घेतल्या. झोपवून काढलेला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून छाती स्वच्छ समजायची नाही. आणि अपघाताच्या प्रत्येक पेशंटचं पोट बघून झालं की दोन्ही बाजूंना वर, फासळ्यांमधून, फुफ्फुसाचं सरकणं बघायचं. मिनिटभरही लागत नाही.

हजार माणसांचा हिशेब

रिपोर्ट आल्यावर आजाराची शक्यता किती उरते हे काढायला फॅगनने १९७५ मध्ये तीन उभ्या रेघांचा नोमोग्राम काढला, पट्टी ठेवली की उत्तर. मला तो कधी जमला नाही. मी हजार माणसं धरते.

ट्रॉमाच्या रिव्ह्यूत इजांच्या प्रमाणाचा मध्यक (मीडियन) २८ टक्के होता. म्हणजे हजारात २८० जणांना इजा. ७४ टक्क्यांनी त्यातले २०७ सापडले, ७३ निसटले. इजा नसलेल्या ७२० पैकी २९ फुकट पॉझिटिव्ह, ६९१ खरे स्वच्छ. आता स्वच्छ रिपोर्टचा गठ्ठा करा. ७६४ कागद, त्यात ७३ जखमी. दर शंभर स्वच्छ रिपोर्टांत जवळजवळ दहा. सर्जनला हे अशा भाषेत सांगितलं की तो खुर्चीत सरळ बसतो.

पण २८ टक्के माझे नाहीत. माझ्याकडे ट्रॉलीवरून, मोटारसायकलवरून पडलेले सगळेच येतात. समजा शंभरात दहाच खरे जखमी. मग हजारात १०० जखमी, २६ निसटतात, स्वच्छ रिपोर्ट ८९०. शंभरात तीन. आणि पॉझिटिव्ह ११० पैकी ३६ फुकट, म्हणजे परभणीला गेलेल्या तीनातला एक विनाकारण. तपासणी तीच, दारात कोण येतं यावर कागदाचा अर्थ पालटतो. (सेन्सिटिव्हिटीही जागेनुसार सरकते, पण पहिल्या हिशेबाला एवढं पुरे.)

टीबीच्या शिबिराला हेच लावून बघा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या लाखात ३१६ जणांना फुफ्फुसाचा टीबी सापडला. हजारात तीन. 'काहीही वेगळं' या रेघेने ते तिघे बहुधा सापडतील, पण सोबत १०९ निरोगी माणसं थुंकीच्या तपासणीला रांगेत. 'टीबीसारखं' ही रेघ घेतली तर रांगेत ४४, पण तिघांतला एखादा निसटायची शक्यता वाढते. कुठली रेघ बरोबर हे रिव्ह्यू सांगणार नाही. थुंकीचे किती नमुने तपासायची सोय आहे, ते तुम्हाला माहीत. त्याच पाहणीत एक्स-रे वापरला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, हेही लक्षात ठेवा. नाही तर १०९ ची रांग बघून एक्स-रेच नको म्हणाल.

एक शंका तरीही उरते. बरोबर ओळखल्याने पेशंटचं भलं झालं का? अचूकतेचा रिव्ह्यू याचं उत्तर देत नाही. मुक्या माराच्या पेशंटमध्ये सोनोग्राफीवर आधारित उपचारपद्धतीवर २०१५ चा वेगळा कॉक्रेन रिव्ह्यू आहे, त्यात चारच अभ्यास मिळाले आणि मृत्यू कमी झाल्याचा पुरावा सापडला नाही. म्हणून सोनोग्राफी बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण एका प्रकारच्या रिव्ह्यूतून दुसऱ्या प्रकारचं उत्तर काढू नये.

माझा रिपोर्ट आता बदललाय. अपघाताच्या पेशंटला मी 'मुक्त द्रव नाही' एवढंच लिहीत नाही. 'या वेळी मुक्त द्रव दिसला नाही, यावरून इजा नाही असं ठरत नाही, पोट दुखत राहिल्यास सहा तासांत पुन्हा तपासणी' असं लिहिते, वेळ टाकते, आणि मूल असेल तर सर्जनला स्वतः फोन करते.

आणि एक वही ठेवलीय. नावं नाहीत, फक्त नंबर. चार रकाने. सोनोग्राफी पॉझिटिव्ह आणि सीटीही पॉझिटिव्ह, सोनोग्राफी पॉझिटिव्ह पण सीटी स्वच्छ, सोनोग्राफी स्वच्छ पण नंतर इजा निघाली, आणि दोन्ही स्वच्छ. पहिले दोन रकाने सहज भरतात, रविवारी परभणीला फोन केला की कळतं. शेवटचे दोन भरत नाहीत. ज्यांचं पोट स्वच्छ निघालं ते दुसऱ्या दिवशी टोळीबरोबर फडावर परत जातात, मुकादमाचा नंबर दिलेला असतो, तो लागत नाही, लागला तर टोळी कर्नाटकात गेलेली असते. सुरुवातीला मी त्यांना बिनदिक्कत चौथ्या रकान्यात टाकायचे. आता पाचवी रेघ ओढलीय. वर लिहिलंय, 'कळलं नाही'. वहीतला सगळ्यात भरलेला रकाना तोच आहे.